जॅक वॉर्नर : शिपाई डिक्सनच्या आधीचे आणि नंतरचे

रात्रपाळी (प्रश्न) :
बेसिल डिअर्डन यांचा ‘द ब्लू लँप’ (१९५०) नुकताच पाहिला. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन पोलीस ठाण्यातला, निवृत्तीला आलेला शिपाई जॉर्ज डिक्सन डर्क बोगार्डने रंगवलेल्या पोरगेल्या गुंडाची गोळी लागून मरतो. ती बातमी घेऊन तरुण सहकारी घरी येतो तेव्हा डिक्सनबाईंच्या हातात फुले असतात आणि त्या, ती पाण्यात ठेवायला हवीत, एवढेच म्हणतात. मधेच गेलेल्या या माणसाची उणीव शेवटपर्यंत जाणवते. डिक्सन साकारणारे ब्रिटिश नट जॅक वॉर्नर यांनी यापूर्वीही असेच भले पोलीस रंगवले होते का?

जुनी रीळ :
उलट, त्यांचे आधीचे गुन्हेगारच अधिक पाहण्यासारखे आहेत. ‘ह्यू अँड क्राय’ (१९४७) मध्ये ते कॉव्हेंट गार्डनच्या मंडईतले व्यापारी नाइटिंगेल आहेत. (चित्रपट पाहायचा असल्यास पुढचे वाक्य गाळावे.) मुलांच्या साप्ताहिकातल्या चित्रकथेतून चोरांना सांकेतिक निरोप धाडणाऱ्या टोळीचा म्होरक्या हाच हसतमुख गृहस्थ निघतो, आणि त्यासाठी वॉर्नर आवाज किंवा चेहरा फारसा बदलतही नाहीत. ‘माय ब्रदर्स कीपर’ (१९४८) मध्ये ते तुरुंगातून पळालेले कैदी आहेत आणि त्यांच्याच बेडीत कोवळा जॉर्ज कोल अडकलेला आहे. तिथेही धाक बसतो तो त्यांच्या वडीलधाऱ्या सुरामुळे. डिक्सनचा सूर याहून फार वेगळा नाही, असे माझे मत आहे.

खिडकीतला :
वरील मत पटले, पण एक दुरुस्ती हवी. रॉबर्ट हेमर यांच्या ‘इट ऑलवेज रेन्स ऑन संडे’ (१९४७) मध्ये वॉर्नर डिक्सनच्या आधीच पोलीस झाले होते. बेथनल ग्रीनमध्ये फरारी कैद्याच्या मागावर असलेला त्यांचा सार्जंट फॉदरगिल चिवट आहे, मायाळू म्हणता येणार नाही. शिवाय ते मुळात रंगमंचावरचे विनोदी कलावंत. युद्धकाळात ‘गॅरिसन थिएटर’मुळे त्यांचा आवाज रेडिओवरून घरोघरी पोहोचला होता, आणि गर्ट व डेझी या विनोदी जोडीने गाजलेल्या एल्सी आणि डोरिस वॉटर्स या त्यांच्या सख्ख्या बहिणी. त्यामुळे पडद्यावर चोर असो वा शिपाई, प्रेक्षकाला तो आधीपासूनच घरातला वाटत असे.

रात्रपाळी :
दोघांचेही आभार. मेलेल्या डिक्सनला बीबीसीने १९५५ मध्ये ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’साठी जिवंत केले आणि वॉर्नर ऐंशी वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे १९७६ पर्यंत, ती मालिका चालली, हे आत्ताच कळले.

जुनी रीळ :
मग त्याच १९५५ सालचा ‘द लेडीकिलर्स’ही पाहावा. शेवटी दरोडेखोरांची म्हातारी घरमालकीण मिसेस विल्बरफोर्स दरोड्याची रक्कम घरी असल्याचे प्रामाणिकपणे सांगायला ठाण्यात येतात. अधीक्षक झालेले वॉर्नर, म्हातारीच्या कल्पना म्हणून, त्याच प्रेमळ आवाजात त्यांची समजूत काढतात आणि पैसे तुम्हीच ठेवून घ्या म्हणतात.