शब्दचर्चा : पुनरुत्थान, पुनरुज्जीवन आणि साधं ‘उठणं’

प्रश्न (परळहून)

ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेसाठी आमच्या मंडळीत चार पानी पत्रक काढतोय. मथळा दिला होता ‘पुनरुत्थित जीवन’. मुद्रितं तपासत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या काकूंनी वाचून सहज विचारलं, “म्हणजे पुनर्जन्मच ना रे?” नाही म्हणालो, पण पुढे धड सांगता आलं नाही. एका मित्राने ‘पुनरुज्जीवन’ सुचवलंय. कोणता शब्द ठेवावा? शिवाय बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्रही छापायचंय. सोळावं दरवर्षीच असतं, दुसरं सुचवा.

उत्तर (भायखळ्याहून)

काकूंना एवढंच सांगा : पुनर्जन्मात जीव तोच, देह दुसरा. इथे येशूची कबर रिकामी होती आणि उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. म्हणजे देहही तोच.

‘पुनरुज्जीवन’ मला पटत नाही. ते आपण नदीचं करतो, बंद पडलेल्या वाचनालयाचं करतो : होतं तसं पुन्हा चालू करायचं. येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराला तो शब्द शोभेल. चार दिवस कबरेत असलेला माणूस बाहेर आला, घरी गेला, पुढे कधीतरी पुन्हा मेला असणार. ख्रिस्ताबद्दल प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात म्हणतो की तो पुन्हा मरत नाही. फरक तिथे आहे.

‘उत्थान’ म्हणजे उद् + स्था, वर उभं राहणं. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘अनास्तासिस’ही तसाच घडलाय : अना म्हणजे वर, स्तासिस म्हणजे उभं राहणं. संस्कृतातला ‘स्था’ आणि ग्रीकमधला ‘स्ता’ एकाच जुन्या धातूचे. इतका नेमका प्रतिशब्द मिळणं दुर्मीळ. आणि तो आपल्या कानाला परकाही नाही, कार्तिकी एकादशीला देवोत्थानी म्हणतातच की.

पण नवा करार आणखी एक क्रियापद वापरतो, ‘एगेइरो’, म्हणजे जागं करणं, झोपेतून उठवणं. मराठीचं भाग्य असं की दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे. पाटावरून उठतो तेही उठणं, झोपेतून उठतो तेही उठणं. याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या बारा वर्षांच्या मुलीचा हात धरून येशू तिच्याच बोलीत, हिब्रूच्या जवळच्या अरामीत, म्हणाला, “तलीथा कूम”. मुली, ऊठ. आमच्या चाळीत पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा आई पायाचा अंगठा हलवून “ऊठ गं” म्हणायची, तोच हा शब्द. त्यानंतर येशूने काय सांगितलं? हिला काहीतरी खायला द्या. हे वाचताना दरवेळी माझे डोळे भरून येतात.

उत्तर (वसईहून)

पण ताई, तुमच्याच हिशेबाने ती मुलगीही लाजरासारखी पुन्हा मेलीच असणार. मग ‘उठणं’ या शब्दाने फरक कसा कळणार?

उत्तर (भायखळ्याहून)

बरोबर धरलंत. नुसत्या क्रियापदाने तो कळत नाही, म्हणूनच ‘पुनरुत्थान’ हे नाम हवं. मथळ्यात ते राहू द्या आणि आतल्या मजकुरात ‘उठला’ लिहा. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून निघालं. आपण त्या वाटेने का जाऊ नये?

‘पुनरुत्थित जीवन’ मात्र बदला. जीवन नाही उठलं, माणूस उठला. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल ख्रिस्ताबरोबर उठवलेल्यांना सांगतो की मन वरच्या गोष्टींकडे लावा. तेव्हा ‘पुनरुत्थानाचं जीवन’ म्हणा, म्हणजे ते आज, परळमध्ये, हयात माणसानेही जगायचं आहे हे कळेल.

स्तोत्र तिसरं घ्या. आठच वचनं आहेत. अबशालोमाने, पोटच्या मुलाने, बंड केलं म्हणून दावीद राजा पळतोय. पहिल्या वचनात माझ्यावर उठणारे पुष्कळ झालेत म्हणतो. पाचव्यात अंग टाकून झोपतो आणि जागा होतो, कारण परमेश्वराचा आधार आहे. सातव्यात देवालाच “ऊठ” म्हणतो. वैरी उठतात तिथे आणि देवाला ऊठ म्हणतो तिथे हिब्रू धातू एकच, ‘कूम’. मुलीला हाक मारली तीही त्याच धातूची. मराठीतही ‘जिवावर उठणं’ आहेच, त्यामुळे काही हरवत नाही. देवाला ऊठ म्हणायची आपल्याला भूपाळीमुळे सवय आहे, पण इथला सूर आर्जवाचा नाही, संकटातल्या हाकेचा आहे. पहिल्या शतकाच्या शेवटी रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याने पुनरुत्थानाबद्दल लिहिताना याच झोपून जागं होण्याच्या वचनाचा आधार घेतला.

शिवडीच्या दफनभूमीत माझ्या आजीच्या दगडावर ‘प्रभूत झोपी गेली’ असं कोरलंय. मी लहानपणी ते मन राखण्यासाठीचं बोलणं समजत होते. आता तसं वाटत नाही. झोपलेल्यालाच तर ‘ऊठ’ म्हणतात.

प्रश्नकर्ता (परळहून)

मथळा बदलला, तिसरं स्तोत्र घेतलं. एकच राहिलं : त्यात कंसात तीनदा ‘सेला’ येतं. वाचकाने ते मोठ्याने वाचायचं का?

उत्तर (वसईहून)

गाणाऱ्यावाजवणाऱ्यांसाठीची खूण असावी असं मानतात, नेमका अर्थ कुणालाच ठाऊक नाही. आमच्याकडे वाचत नाहीत. तिथे एक श्वास थांबतात आणि पुढचं वचन घेतात.