बोरन्हाण, काळं झबलं आणि नवशिका फोटोग्राफर: तुमचेही अनुभव लिहा

काल माळ्यावरून हलव्याच्या दागिन्यांचा डबा काढला, भाच्याच्या लेकीसाठी. मुकुट मुंग्यांनी केव्हाच फस्त केलाय, बाजूबंदाचा नुसता दोरा शिल्लक. पण तळाशी एक फोटो निघाला आणि मी तिथेच शिडीवर बसून हसत सुटले.

२०१५ची संक्रांत. लेक नऊ महिन्यांचा. डीएसएलआर घेऊन जेमतेम महिना झालेला, सोबत ५० एमएमची १.८वाली लेन्स, कारण मागचं सगळं मस्त धूसर येतं म्हणे. आलं की! पाटावर बाळ, मागे सासू-सासरे, त्यांच्यामागे नणंदा, जावा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि स्पष्ट दिसणारा भाग कमी) १.८लाच ठेवून मी दीडशे फोटो काढले. प्रत्येकात एकच माणूस स्पष्ट. एकात मोठ्या वन्सं, एकात सासऱ्यांचा कान, बऱ्याच फोटोंत भिंतीवरचं कॅलेंडर. तारीख वाचता येते अगदी. बाळ मात्र धुक्यात.

त्यात काळं झबलं! समोर एवढं काळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो सगळंच उजळवतो. झबलं राखाडी आणि हलवा पांढराफटक, एक काटा दिसेल तर शपथ. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) थोडं उणे करायचं असतं हे कळलं तोवर बोरं ओतून झाली होती. आणि बोरन्हाणाला रिटेक नसतो.

मिनूची_आई
सासऱ्यांचा कान 😂😂 आमच्याकडे फोनच्या ब्यूटी मोडने मिनूची तीटच पुसून टाकली. आजेसासूबाईंनी फोटो बघितला, म्हणाल्या तीट लावली नाहीस ना? पोरीला दृष्ट लागेल. मग एवढी मोठी लावली की त्यापुढच्या सगळ्या फोटोंत गालावर बोरच चिकटलंय असं वाटतं.

जुना_रोल
तुम्हाला निदान कॅलेंडर तरी मिळालं. ८९ साली मेहुण्यांचा कॅमेरा मागून आणला होता. ३६चा रोल. थोरलीचं बोरन्हाण, हळदीकुंकू, शेजारच्यांचा ग्रुप फोटो, सगळं काढलं. आकडा ३६च्या पुढे गेला तरी रोल संपेना, मी खूश, म्हटलं दोन फोटो फुकट. रोलची जीभ, म्हणजे फिल्मचं पुढचं टोक, कॅमेऱ्यात अडकलीच नव्हती. आत काहीच फिरलं नव्हतं. सौ.ने दोन दिवस अबोला धरला आणि आजही कुणी कॅमेरा काढला की हा विषय निघतोच.

टिळा_तीट
@जुना_रोल काका, सौ.ची बाजू बरोबर आहे.

दूरदेशी
मेलबर्न. इथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. थंडीसाठी असलेली काळी वस्त्रं आम्ही ३८ डिग्रीत घातली, तीही अंगणात, दुपारी, उजेड चांगला मिळेल म्हणून 🤦 उजेड एवढा की सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. बाईंनाही. बोरं मिळाली नाहीत, ब्लूबेरी ओतल्या. झबलं काळं म्हणून वाचलं, आईची साडी नाही.

चिंचगूळ
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ब्लूबेरी चालतील पण लहान बाळावर बोरं, हरभरे, फुटाणे ओतताना जपा गं, एक हमखास तोंडात जातं. आम्ही चुरमुरे जास्त ठेवले. फोटो काढणाऱ्याचं लक्ष स्क्रीनवर असतं, म्हणून बाळाच्या हाताकडे बघायला वेगळा माणूस नेमा.

उजेडवाला
फुकटचा सल्ला: एवढ्या माणसांना अ‍ॅपर्चर ५.६ ते ८, शटर २५० (म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग) च्या आसपास आणि आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) बिनधास्त चढू द्या. फोटोत रवाळ दाणे आले तर आले, हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. पाट खिडकीजवळ मांडा आणि ट्यूब, बल्ब बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा. मुख्य म्हणजे मुहूर्त बाळाच्या झोपेचा धरा. झोप झालेली, पोट भरलेलं, असा फार तर अर्धा तास मिळतो.

मिनूची_आई
अर्धा तास?? कुठे राहता तुम्ही 😄 आमच्या दिवाळीच्या फोटोत अभ्यंगस्नान, पहाटे पाच, बल्बचा उजेड, तेल-उटण्यानं निसरडं झालेलं पोर आणि तेवढ्यात खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. पुढचे सगळे फोटो नुसत्या टाळूचे.

टिळा_तीट
टाळू 😂 आम्ही दहा सेकंदांचा टायमर लावला होता. हे पळत आले, धोतरात पाय अडकला, थेट हलव्याच्या ताटात. तोच एक फोटो कडक फोकसमध्ये आलाय आणि सासूबाईंनी तोच फ्रेम करून घेतला.

दूरदेशी
विषयांतर: कुणी घरी हलवा करतं का? खसखशीवर पाक चढवते, पण काटाच येत नाही.

चिंचगूळ
पाक चमचा चमचा घाल आणि मंद आचेवर हाताने हलवत राहा, बोटं भाजतात. दोनतीन दिवस लागतात. साबुदाण्यावर जरा सोपा जातो. शिट्टी झाली, आले.

धागाकर्ती
काका, रोलचा किस्सा घरात वाचून दाखवला, सासरे खूश, कानावरून लक्ष हटलं. @उजेडवाला रविवारी बोरन्हाण आहे, जुनाच कॅमेरा नेतेय. चार्जर तेवढा सापडत नाहीये, फोनचा चालेल का?

उजेडवाला
नाही चालणार. माळ्यावर डब्याशेजारीच असेल बघा.