‘स्टॉर्म मोशन २४०/३५’ : गती, चाल की रोख?

काटेकोर : अमेरिकी रडारच्या सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका मराठीत करतोय. ‘स्टॉर्म मोशन २४०/३५’चं ‘वादळाची दिशा २४० अंश, गती ३५ नॉट’ केलं. तपासणीत ते ‘२४० अंशांकडे’ झालं. वादळ उलटंच निघालं! शब्द सुचवा.

पाऊसपाणी : २४० म्हणजे ‘कडून’, वाऱ्याचीच रीत. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडे जातात असं कुणी म्हणतं का? हे वादळ ६० अंशांकडे चाललंय. नुसतं ‘दिशा’ लिहिलं की गफलत होणारच.

जुनाबाजार : ‘रोख’ घ्या. वाऱ्याचा रोख रूढ आहे.

पाऊसपाणी : रोख म्हणजे तोंड जिकडे ती बाजू. पुन्हा तीच चूक.

शुद्धमती : ‘गती ३५ नॉट’ही चूक. शाळेच्या पुस्तकात स्पीड म्हणजे चाल, व्हेलॉसिटी म्हणजे वेग.

आडवाटा : ‘वादळाची चाल’ म्हटलं की वादळ डाव टाकतंय असं वाटतं.

मोजपट्टी : आधी मोजतात कसं ते बघा. चार-पाच फ्रेम (रडारचित्रं) मागे जायचं, एकच खूण धरायची (गाभा किंवा आकड्याचं, म्हणजे हुक एकोच्या वळलेल्या शेपटीचं, टोक) आणि ताज्या फ्रेमपर्यंत माप ओढायचं. २० मिनिटांत १८ किमी म्हणजे ताशी ५४ किमी, सुमारे २९ नॉट. पावसाची कड धरू नका; ढग पसरला तरी ती सरकते. दिशा उलटी भरलीत तर वादळसापेक्ष वेगाच्या चित्रात (वाऱ्यातून वादळाची गती काढून दाखवतात ते) गती वजा होण्याऐवजी मिळवली जाते. ३५ नॉटला ७० नॉटपर्यंत फरक. हिरव्या-लाल जोडीतला (हिरवा रडारकडे येणारा वारा, लाल दूर जाणारा) एक रंग बुडतो. शेजारच्या दोन किरणांतली वजाबाकी मात्र जवळपास तीच येते, म्हणून वादळातली फिरकी मोजणाऱ्याला चूक कळतच नाही.

आडवाटा : हुक एकोला ‘आकडा’? मग ‘आकड्याचा आकडा’ लिहिणार?

जुनाबाजार : का नाही? ओक्लाहोमातल्या मूरच्या टॉर्नेडोचं २० मे २०१३चं रडारचित्र बघा, विजेच्या तारेवर टाकतात तो आकडाच.

शुद्धमती : अंकुश-प्रतिध्वनी.

मोजपट्टी : रेडिओलहरींना ध्वनी कुठला? आणि १०० किमीवर अर्धा अंश वर उचललेला किरण दीड किमी उंच, तेवढाच जाड. बारीक आकडा तिथे गोळाच दिसतो.

काटेकोर : ‘कडून’ घेतलं. पण रकान्यात जागा कमी. ‘वादळगती’ चालेल?

शुद्धमती : ते ‘वायुवेगाने’सारखं वाटतं.

जुनाबाजार : ‘रोख’ अजूनही मोकळा आहे.