रॅट की डॉकन: वाजवण्यात सरस कोण?

खर्ज_बाबू:
1984 साली लॉस एंजेलिसच्या या दोन ग्लॅम मेटल बँडचे अल्बम आले, रॅटचा 'आउट ऑफ द सेलर' आणि डॉकनचा 'टूथ अँड नेल'. केस आणि मेकअप सोडा, फक्त वाजवण्यावर बोलू. माझं मत रॅटला. त्यांच्या 'राउंड अँड राउंड' गाण्याच्या सोलोत डिमार्टिनी आणि क्रॉस्बी या दोन गिटारवाल्यांची जुगलबंदी नाही, जोडवादन आहे, आणि ते जास्त अवघड. समजा ए मायनर स्केल आहे. खालचा गिटारवाला बी वरून सी ला तार खेचतो, म्हणजे अर्धा स्वर. वरच्याला त्याच वेळी डी वरून ई गाठायचा, म्हणजे पूर्ण स्वर. दोघांनी सारखंच खेचलं की एक जण बेसूर. एकट्यानं दोन तारांवर करू म्हणाल, तर फ्लॉइड रोझ (तारा जिथे अडकवतात तो हलता ब्रिज) तरंगता असला की एक तार खेचताच बाकीच्या उतरतात.

तिरपी_तान:
असहमत. जोडी तालमीनं बसते, डॉकनच्या गिटारवाल्या जॉर्ज लिंचचा हात कुठून आणणार? तार खेचून वरच्या स्वराला पोचल्यावर तो तिथे रुंद आंदोलन देतो आणि तरी सुरावरून घसरत नाही. 1987 चं 'मिस्टर स्केरी' ऐका, गायन नाहीच, सगळा भार गिटारवर. शिवाय रॅटचा गायक पिअर्सी, त्याच्या गळ्याचा पल्ला केवढासा!

खर्ज_बाबू:
स्टुडिओत थरावर थर चढवता येतात हो. मंचावर लिंच सोलोत शिरला की खालची ऱ्हिदम गायब. तो खड्डा ऐकू येतो.

पडदा_सातवा:
खड्डा भरायला बास असतो की! थोडं ओव्हरड्राइव्ह (आवाजाला खरखरीत धार), मधल्या फ्रिक्वेन्सी वर, आणि मूळ स्वराला पंचमाची जोड. फक्त हे खालच्या ई तारेवर, पहिल्या-दुसऱ्या पडद्यांपाशी करू नका, नुसता गढूळ गडगडाट होतो. ए तारेवर सातव्या पडद्याच्या आसपास स्वर सुटे ऐकू येतात. रच्याकने, रॅटचा बासवाला हुआन क्रूसिए आधी डॉकनमध्येच होता.

खर्ज_बाबू:
म्हणजे चांगला माणूस आमच्याकडे आला, एवढंच सिद्ध झालं. 😄

तिरपी_तान:
आणि आम्हाला जेफ पिल्सन मिळाला! बास वाजवता वाजवता कोरसमधला वरचा आवाजही लावतो, जोडीला ड्रमवरून मिक ब्राउन. जपानमध्ये रेकॉर्ड झालेला डॉकनचा लाइव्ह अल्बम 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' लावा आणि तो खड्डा नेमका कुठे आहे ते मिनिट-सेकंदासकट सांगा.