यादवी युद्धातल्या कैद्याचं कव्हर, त्यावर दोन्ही बाजूंची तिकिटं. घ्यावं का?

नवखा_लिफाफा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच विचारतोय. मी आधी सुटी तिकिटं जमवायचो, वर्षभरापासून आख्खी कव्हरं, म्हणजे टपालाने गेलेली तिकीट-शिक्क्यांसकट पाकिटं, घ्यायला लागलो आणि त्यात अमेरिकन यादवी युद्धातल्या युद्धकैद्यांच्या पत्रांनी असं काही धरलंय की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लिलावांची पानं चाळत बसतो, बायको म्हणते तूच कैदी झालायस.

तर एका ऑनलाइन लिलावात एक कव्हर आलंय. ओहायोतल्या जॉन्सन्स आयलंडच्या कॅम्पमधून गेलेलं, डावीकडे 'कैद्याचं पत्र, तपासलं' अशा अर्थाचा लंबगोल शिक्का, उजवीकडे युनियनचं (उत्तरेचं) ३ सेंटचं गुलाबी वॉशिंग्टन आणि त्याला खेटून कॉन्फेडरेटचं (दक्षिणेचं) १० सेंटचं निळं, त्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस असलेलं. जवळच्या सँडस्की गावच्या पोस्टाचा गोल शिक्का ३ सेंटवर नीट बसलाय, निळ्या तिकिटावर दुसऱ्याच कुठल्यातरी शिक्क्याचा तुकडा दिसतो. आत पत्रही आहे म्हणे, पण त्याचा फोटो नाही. पत्ता पुसट आहे, कुणीतरी मिसेस, गाव लागत नाही, शेवटी 'के' आणि 'वाय' अशी दोन अक्षरं.

विक्रेता म्हणतो दोन्ही सरकारांची तिकिटं एका कव्हरवर म्हणजे लाखात एक, आणि किंमतपण तशीच लावलीय, माझं वर्षभराचं बजेट त्यात जाईल. मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. उत्तरेच्या कैदेत बसलेल्या माणसाकडे दक्षिणेचं तिकीट आलं कुठून? आणि हे खरं की बनवलेलं, हे नुसत्या फोटोवरून कितपत कळतं?

जुनाशिक्का

आधी ती तिकिटं विसरा. खरंच. ह्या प्रकारात तिकीट शेवटी बघायचं, आधी पत्र कुठून निघालं आणि कुठे पोचलं ते बोटाने नकाशावर काढायचं आणि मग प्रत्येक टप्प्याची खूण कव्हरवर सापडते का बघायचं.

१ जून १८६१ ला दक्षिणेने आपलं टपाल खातं आपल्या ताब्यात घेतलं, जॉन रेगन त्यांचा पोस्टमास्टर जनरल, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत उत्तर-दक्षिण नेहमीचं टपाल बंद पडलं. मग कैद्यांची पत्रं जायची कशी, तर फ्लॅग ऑफ ट्रूस, म्हणजे पांढरं निशाण लावलेल्या बोटीने. मुख्य ठिकाण व्हर्जिनियातलं फोर्ट्रेस मन्रो, तिथल्या पोस्टाचं नाव ओल्ड पॉइंट कम्फर्ट, तिथून जेम्स नदीवर पोत्यांची अदलाबदल. कैद्याने पत्र उघडंच द्यायचं, साधारण एक पान, घरगुती मजकूर, लढाईबद्दल अवाक्षर नाही. कॅम्पमधला माणूस वाचणार, शिक्का मारणार, मग ते जवळच्या पोस्टात पडणार. जॉन्सन्स आयलंडचं टपाल सँडस्कीहून जायचं, तेवढं तुमच्या कव्हरवर जुळतंय.

आता पैसे. उत्तरेच्या हद्दीतल्या प्रवासाचे ३ सेंट. हद्द ओलांडली की दक्षिणेचं टपाल वेगळं, त्याचा दर वेगळा, आधी ५०० मैलांपर्यंत ५ सेंट आणि पुढे १०, आणि १ जुलै १८६२ पासून कितीही लांब असलं तरी १० सेंट. कैद्याकडे ते तिकीट कुठून यायचं? पकडला गेला तेव्हा खिशात असायची, नाहीतर घरच्यांनी पत्रातून पाठवलेली. बहुतेकांकडे नसायचंच, मग दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडला, कव्हरवर 'ड्यू १०' असा शिक्का बसायचा आणि घरच्यांनी पैसे भरून पत्र सोडवायचं. काही जण दोन पाकिटं वापरायचे, आतल्यावर घरचा पत्ता, बाहेरच्यावर अदलाबदलीच्या ठिकाणचा, बाहेरचं तिथेच काढून टाकलं जायचं. म्हणून दोन्ही तिकिटं एका कव्हरवर, ही गोष्ट खरी आहे, होती, पण कमी होती, आणि कमी आहे म्हणूनच बनवणाऱ्यांचा डोळा तिच्यावर.

खऱ्या कव्हरवर साधारणपणे ३ सेंट उत्तरेच्या शिक्क्याने मारलेलं असतं आणि १० सेंट रिचमंडच्या. तुमच्या निळ्या तिकिटावरचा तो तुकडा मोठा करून टाका ना इथे. आणि कॉन्फेडरेट कव्हरं तपासून सर्टिफिकेट देणारे तज्ज्ञ आहेत, न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन आहे, एवढ्या किमतीच्या मालाला कागद नसेल तर मी तरी हात लावणार नाही.

तिकीटवाली

जुनाशिक्का दादा, तुम्ही नकाशा काढायला सांगितला म्हणून काढला 😄

'के' 'वाय' म्हणजे केंटकी ना? केंटकी तर युनियनमध्येच राहिलं! ओहायोतून केंटकीला जाणारं पत्र हद्द ओलांडतच नाही, ना मन्रो ना रिचमंड ना पांढरी बोट, ३ सेंट लावले की संपलं. मग डेव्हिससाहेब त्या कव्हरवर करतायत काय?

जुनाशिक्का

घ्या. मी एवढं प्रवचन दिलं आणि पत्ताच वाचला नाही. ताई, मानलं.

कुणीतरी म्हणेल की केंटकीचा काही भाग कॉन्फेडरेट सैन्याच्या हातात होताच की, बोलिंग ग्रीन वगैरे. होता, पण ते त्यांनी फेब्रुवारी १८६२ मध्ये सोडलं आणि जॉन्सन्स आयलंडला कैदी यायला लागले एप्रिल १८६२ ला. तेव्हा ती पळवाट पण बंद.

रविवारचा_पसारा

माझी ठेच ऐका म्हणजे तुमची वाचेल. सुरुवातीला मी पण असंच एक दोन तिकिटांचं घेतलं होतं, एका विक्रेत्याकडून, नाव घेत नाही. घरी येऊन भिंगाखाली बघितलं तर शिक्क्याची शाई तिकिटाच्या कडेला येऊन थांबलेली, पुढे कव्हरच्या कागदावर रेष सरकतच नाही. म्हणजे वापरलेलं तिकीट दुसरीकडून उचलून चिकटवलेलं. कव्हर अस्सल, तिकीट अस्सल, दोघांची ओळख मात्र कालपरवाची. तेव्हा शिक्का तिकिटावरून कागदावर उतरलाय का हे पहिलं बघा, आणि तो उतरला असेल तर दोन्हीकडची शाई एकाच रंगाची आहे का हे दुसरं, कारण कागदावरचा राहिलेला भाग रंगवून जोडणारे कलाकारही असतात.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुम्ही दोन तिकिटांच्या मागे का लागलाय? जॉन्सन्स आयलंड हा मुख्यतः अधिकाऱ्यांचा कॅम्प, शिकलेली, नातेवाईकवाली माणसं, त्यांनी खूप लिहिलं आणि घरच्यांनी जपून ठेवलं. केंटकी, मेरिलँड, मिझुरी इथे त्यांचे नातलग, तिकडे गेलेली साधी ३ सेंटची, तपासणीचा शिक्का असलेली कव्हरं त्यामानाने पुष्कळ मिळतात आणि परवडतात. कॅम्प चेज, पॉइंट लुकआउट, फोर्ट डेलावेअर, एल्मायरा, शिकागोचा कॅम्प डग्लस, प्रत्येकाचे शिक्के वेगळे, एकेका कॅम्पचं एक असं लावत गेलात तरी काही वर्षं पुरेल. १८६२ पेक्षा १८६३-६४ ची जास्त दिसतील त्याचंही कारण आहे. जुलै १८६२ मध्ये डिक्स आणि हिल ह्या दोन सेनापतींनी कैद्यांच्या अदलाबदलीचा करार केला होता, त्यामुळे माणसं लवकर सुटायची. १८६३ मध्ये ते कोलमडलं, मोठं कारण म्हणजे पकडलेल्या उत्तरेच्या काळ्या सैनिकांना युद्धकैदी मानायला दक्षिण तयार नव्हती, मग कॅम्प तुडुंब भरले आणि पत्रंही वाढली.

आणि ह्या काळ्या सैनिकांची पत्रं तुम्हाला लिलावात दिसणार नाहीत, मला तर एकही दिसलेलं नाही. दक्षिणेत कित्येक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. माझ्या अल्बममध्ये ह्या विषयाचं एक पान मुद्दाम कोरं ठेवलंय, बघणारा विचारतो इथलं काय पडलं का.

दक्षिणेकडच्या तुरुंगांतून उत्तरेला आलेली पत्रं हा वेगळाच प्रांत, त्यावर बहुतेक हातानेच 'तपासलं' आणि सही असते. रिचमंडच्या लिबी तुरुंगात तर एका टप्प्यावर सहाच ओळी लिहायला परवानगी होती, सहा ओळींत माणूस काय काय कोंबतो हे वाचण्यासारखं असतं. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल कॅम्पचं मात्र कुणी स्वस्तात देतोय म्हणाला तर पळ काढा. तिथे सुमारे ४५,००० कैदी येऊन गेले, जवळपास १३,००० मेले, आणि तिथून बाहेर पडलेली पत्रं फार थोडी आहेत.

तिकीटवाली

कोऱ्या पानाची कल्पना चोरतेय, आधीच सांगते.

रविवारदादा म्हणतात त्यात एक भर, आतलं पत्र असेल तर अर्धी किंमत मी त्यालाच देते. त्या काळच्या कित्येक शिक्क्यांत वर्षच नसतं, नुसता महिना आणि दिवस, वर्ष पत्रातच सापडतं. शिवाय सैनिकाचं नाव आणि रेजिमेंट मिळाली की वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमधल्या नोंदींमधून तो कधी पकडला, कुठे ठेवला, कधी सुटला हे काढता येतं, कॉन्फेडरेट सैनिकांच्यापण नोंदी आहेत तिथे. तारीख जुळत नसेल तर तिथेच पकडलं जातं. लोक पत्र आणि कव्हर वेगळं करून दोन गिऱ्हाइकांना विकतात तेव्हा माझा जीव जळतो. नवखा, विक्रेत्याकडे पत्राचा फोटो मागा, नाही म्हणाला तर समजा काय ते.

नवखा_लिफाफा

मंडळी, मागितला आणि आज सकाळी आला! तारीख मार्च १८६४, कव्हर बहिणीला, गाव केंटकीतलंच लुईव्हिल निघालं, पत्रात वरच लिहिलंय. मजकूर अगदी साधा, मोजे पाठव, तंबाखू पाठव, अमक्याची तब्येत कशी आहे, इथे बर्फ फार आहे, आणि मग शेवटी, मी तीनदा वाचलं, 'माझं उत्तर लवकर यावं म्हणून पुढच्या पत्रात ३ सेंटची थोडी तिकिटं घालून पाठव, माझ्याकडची संपली.' दहा सेंटचा विषयच नाही, बिचाऱ्याला ३ चीच चणचण होती.

निळ्या तिकिटाचा मोठा फोटोपण मिळाला. शिक्का कडेला येऊन थांबतो, रविवारदादांनी सांगितलं तस्साच, कागदावर एक ठिपका नाही.

पण गंमत अशी की आता मला ते कव्हर जास्तच हवंय. विक्रेत्याला सरळ लिहिलं की केंटकीच्या पत्राला हे तिकीट लागूच होत नाही, साध्या ३ सेंटच्या कव्हरचा भाव देतो, पत्रासकट. अजून उत्तर नाही, त्याच्या यादीतून 'लाखात एक' तेवढं गायब झालंय 😀 समजा मिळालं, तर ते निळं तिकीट काढून टाकू की राहू देऊ?

जुनाशिक्का

काढू नका हो. पाण्यात भिजवाल आणि खालचा कागद, बाजूची शाई, सगळं जाईल. जुन्या गोंदाचा डाग खाली असेल तर तोही पुरावाच आहे. तसंच राहू द्या, पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या बाहीत ठेवा, आणि मागे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा की १० सेंट नंतर चिकटवलंय, का ते पण दोन ओळीत. तुमच्यानंतर ज्याच्या हातात जाईल त्याला विकणाऱ्याने परत तीच गोष्ट सांगायला नको.

तिकीटवाली

आणि चिठ्ठीत मोजे पण लिहा.