नॉयश्वानस्टाइन एका दिवसात: नऊच्या आधीची गाडी नको

जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन किल्ला एका दिवसात पाहायचा तर 'बायर्न-टिकीट काढा आणि म्युनिकहून सकाळी सातची गाडी पकडा' असा सल्ला कुणी कुणी देतं. बायर्न-टिकीट म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं टिकीट. शनिवार-रविवारी चालेल. पण जर्मनच्या भाषावर्गाला सुट्टी म्हणून कुणी बुधवारी निघालं तर फसेल, कारण सोमवार ते शुक्रवार हे टिकीट सकाळी 9 नंतरच लागू होतं (पुढे दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत). आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत ते अजिबात चालत नाही आणि त्यावर प्रत्येक प्रवाशाचं नाव हवं. डॉइचलांड-टिकीट (देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) असेल तर नऊचं बंधन नाही.

खरी गोची किल्ल्याच्या वेळेची होते. म्युनिकहून फ्युसेन या स्टेशनापर्यंत साधारण दोन तास, मग किल्ल्याच्या पायथ्याच्या होहेनश्वांगाउ गावाची बस (73 किंवा 78, याच टिकिटात), आणि तिथून चढ चालायला 30-40 मिनिटं. किल्ल्याच्या तिकिटावर छापलेली वेळ हुकली की तिकीट बाद, बाबापुता करून उपयोग नाही. नऊनंतर निघणार असाल तर दीडच्या आधीची वेळ घेऊच नका. आणि किल्ल्यातली गाइडबरोबरची फेरी जर्मनमधलीच घ्या. जेमतेम अर्ध्या तासाची असते, जर्मनची बी1 (मधली) पातळी झालेल्याला बरीचशी कळते. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे कान मोकळे राहतात.