म्हातारी मनी अचानक खाईनाशी झाली आहे

प्रश्न (इंदूर): आमची १५ वर्षांची मनी कालपासून कशालाच तोंड लावत नाही, पाणी मात्र सारखे पिते आणि लादीवर अंग चोरून बसते; अंग गरम लागते म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी दिली तर चालेल का?

उत्तर १: ताई, ती गोळी अजिबात देऊ नका, मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा नीट करता येत नाही आणि पाव गोळीही जिवावर बेतू शकते. शिवाय ३९ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान मांजराला ताप नव्हे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा ती तोंड उघडून धापा टाकू लागली, तर मध्यरात्रीही थांबू नका.

उत्तर २: वाढलेली तहान पाहता, उतारवयात सर्रास आढळणारा मूत्रपिंडाचा विकार आधी तपासावा, रक्तातील क्रिएटिनिन, साखर आणि लघवी या तपासण्या सांगितल्या जातील. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, म्हणून उद्यावर ढकलू नये. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी आज जवळचा डॉक्टर गाठावा. बळेच दूध पाजू नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

प्रश्नकर्ती: गोळी दिलेली नाही, हिरड्या गुलाबी आहेत, आता निघतोच आहोत. लघवीचा नमुना घरून न्यावा का?

उत्तर २: गरज नाही, डॉक्टर बहुधा सुईने थेट मूत्राशयातून घेतात.